कनेक्शनमधला एक्स

चौदाव्या पानावर, वरून सहाव्या ओळीत तो शब्द उभा होता, आणि त्रिपुरसुंदरीचं लाल बॉलपेन त्याच्याभोवती फिरायला निघालंसुद्धा होतं. अर्धा गोल झाला. मग हात आपसूक थांबला, चालताना मागून कुणी नावानं हाक मारली की पाय थांबतो तसा. कनेक्शन. पण सी-टीच्या जागी एक्स. जगभर लिहितात तशी दोन अक्षरं नव्हेत, एकच अक्षर, मधोमध, पाय फाकून हात वर केलेलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. एक्सच होता. अकराव्या ओळीत आणखी एकदा, आणि पान उलटल्यावर तिसऱ्यांदा. लेखाच्या माथ्यावर नाव होतं: ॲडव्होकेट लक्ष्मीप्रिया, तिरुच्चिरापल्ली. नाव वाचायची गरजच नव्हती. चौतीस वर्षं मुलींच्या एकाच शाळेत इंग्रजी शिकवलं, हजारो वह्या हाताखालून गेल्या, त्यात हा शब्द असा लिहिणारी मुलगी एकच झाली. माणूस चालीवरून ओळखू येतं, तशी ती मुलगी त्या एका अक्षरावरून ओळखू आली, आणि सकाळचे दहा वाजलेले, ऊन पायरीवर आलेलं, अशा अगदी साध्या वेळी त्रिपुरसुंदरीनं पेन पानावर आडवं ठेवून दिलं.

समोर झोपाळ्यावर सुंदरराव गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. रेल्वेच्या माल-कचेरीतून निवृत्त झाल्यापासून भाजी निवडणं हे खातं त्यांच्याकडे होतं आणि ते खातं ते पूर्वीच्या खात्याहून चोख चालवीत. बायकोचा हात थांबला की त्यांचाही थांबायचा, एवढी वर्षं झाली होती. ‘‘काय गे, पुन्हां भस्म भ्यालें का?’’ त्यांनी घरातल्या जुन्या तंजावरी मराठीत विचारलं. ती हसली नाही. भस्माची गोष्ट घरात आता म्हणीसारखी झाली होती. गेल्या वर्षी डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यावर पंधरा दिवसांतच तिनं एका देवळाच्या कुंभाभिषेकाच्या पुस्तिकेची इंग्रजी मुद्रितं तपासली होती, आणि सेक्रेड ॲश म्हणजे पवित्र भस्म, त्यातलं सी आणि ए यांची अदलाबदल होऊन स्केअर्ड ॲश छापलं गेलं होतं, घाबरलेलं भस्म. दोन हजार प्रती. गावात ती चूक फारशी कुणाच्या ध्यानात आली नसती. पण तिच्याच जुन्या विद्यार्थिनींनी ती पकडली, फोटो काढले, एकमेकींना पाठवले, प्रेमानंच पाठवले, आणि तेव्हापासून एक कुजबुज सुरू झाली. टीचरांचा डोळा गेला. वाईट वाटल्याच्या सुरात म्हणत, तेच जास्त लागायचं.

म्हणून ही स्मरणिका तिनं हट्टानं मागून घेतली होती. शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली. इंग्रजी विभागाची बेचाळीस पानं. शाळेचा सेक्रेटरी विष्णुवर्धन फार अदबशीर माणूस, त्यानं फोनवर सुचवलं होतं की टीचर, तुम्ही नुसती वरवर नजर टाका, बाकी कॉम्प्युटर पाहील. नजर वरवर टाकायची म्हणजे काय करायचं ते तिला कळलं नाही. तिनं सांगितलं, मी प्रत्येक अक्षर पाहीन. मग शेवटच्या पानावर बारीक टायपात एक ओळ घालायचं ठरलं: इंग्रजी मुद्रितशोधन, त्रिपुरसुंदरी. ती एक ओळ तिला हवी होती. सासष्टाव्या वर्षी माणसाला फार काही नको असतं, पण जे आयुष्यभर नीट केलं ते अजून नीट करता येतं एवढं छापून आलेलं हवं असतं. आज चारला पानं छपाईला जायची होती.

स्पेलिंगवर तिचं प्रेम होतं हे सांगितलं तर लोक हसत. प्रेम माणसांवर करावं, फार तर देवावर. पण तिला खरंच शब्दांची अंगं आवडत. कलर या शब्दात यू का असतो, असं सातवीच्या मुली विचारत, तर ती म्हणायची, यू हवाच, तुमच्याशिवाय कसला रंग? मुली खिदळत आणि तो यू मरेपर्यंत विसरत नसत. प्रोग्रॅमच्या शेवटचे एम-ई म्हणजे साडीचा पदर, बोलताना दिसत नाही, पण नसला तर उघडं वाटतं. ग्रे हा राखाडी रंग ई-नं लिहिला तर विलायतेतल्या ढगाचा, ए-नं लिहिला तर अमेरिकेतल्या; आपल्या कावेरीवरच्या ढगाला ई बरा, कारण आपण त्याच घरात इंग्रजी शिकलो. ज्वेलरीचं तर विचारू नका. मोठ्या रस्त्यावर सोन्याच्या दुकानांच्या पाट्यांवर तिनं त्या एका शब्दाची सात रूपं मोजली होती, आणि बसमधून जाताना सुंदररावांना कोपरानं ढोसून दाखवली होती. ते म्हणायचे, दागिना तोच, घडण निराळी. प्रेसमधली पवित्रा, जी कॉम्प्युटरवर पानं लावते, तिच्या मशीनला अमेरिकेचं वळण होतं. ते टीचरांच्या प्रत्येक यू-खाली, प्रत्येक दुहेरी एल-खाली लाल नागमोडी रेघ मारी. पवित्रा फोन करून विचारायची, टीचर, मशीन चूक म्हणतंय. मारू दे रेघा, ती म्हणायची, त्या मशीनला मी शिकवलेलं नाही.

आणि स्वतःचं नाव? आधार कार्डावर ते टी-एचनं सुरू होई, बँकेत नुसत्या टीनं, पेन्शनच्या कागदावर मधला यू गळून पडला होता. तीन कागदांवर तीन बायका. मागे एकदा वकिलाकडून लिहून आणावं लागलं की या तिन्ही बायका म्हणजे मीच. सुंदरराव तो कागद हातात धरून दोन दिवस घरात फिरत होते. आज जेवण कोणतीनं केलें, एच-वालीनं का, यू-गळालेलीनं? म्हणजे एकाच वस्तूची दोन रूपं खरी असू शकतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला ते माहीत होतं. म्हणूनच आता चौदावं पान मांडीवर घेऊन बसलेली असताना तिचे कान गरम झाले होते.

तेहेतीस वर्षं झाली. नववीतली लक्ष्मीप्रिया तिरुनीलक्कुडीहून बसनं यायची, दोन वेण्या, त्यांत अबोली, आणि ओठांवर कायम काहीतरी पुटपुटणं. तिचे आजोबा कृष्णराव कोर्टात कागदांच्या नकला करीत. आयुष्यभर न्यायाधीशांची वाक्यं सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि निवृत्त झाल्यावर तीच वाक्यं नातीच्या कानात ओतली. त्यामुळे पोरीचं इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं. ती टुडे लिहिताना मधे आडवी रेघ देई. तुरुंगाला जी-नं सुरू होणारं जुनं रूप वापरी. आणि कनेक्शनमध्ये एक्स. त्या वर्षीच्या निबंध-स्पर्धेत विषय होता ‘माझं गाव आणि मी’, आणि तिनं लिहिलेलं वाचून त्रिपुरसुंदरीला स्टाफरूममध्ये एकटीलाच गहिवरून आलं होतं. नदी आटली की आमचं गाव एकमेकांशी कमी बोलतं, असं त्या चौदा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं. पण तो शब्द तीनदा आला होता. तीनदा लाल गोल. प्रत्येकी अर्धा गुण. एका गुणानं ती दुसरी आली. पहिली आली ती तंजावरला जिल्ह्याच्या फेरीला गेली. हुशार मुलगी होती, तिचा काही दोष नव्हता, तिच्या निबंधात चूक एकही नव्हती आणि नदीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत कृष्णराव आले. पांढरं धोतर, टोपी, काखेत पंच्यात गुंडाळलेला जाडजूड शब्दकोश. एवढं ओझं घेऊन बसमध्ये उभे राहून आले होते. नात त्यांच्या मागे, मान खाली. स्टाफरूममध्ये सहा जणी बसलेल्या, डबे उघडे. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ मराठीत बोलायला लागले. आपली माणसं म्हणूनच असेल. बाहेर तमिळ, घरात मराठी हा नियम त्यांनाही ठाऊक होता, पण म्हाताऱ्या माणसाला वाटलं असावं की दोन मराठी माणसं भेटली की चार भिंती आपोआप घर होतात. ते म्हणाले, ‘‘बाई, हें एकदां पाहा. कोशांत आहे. जुनें म्हणजे चूक नव्हे.’’ सहा जणींनी डब्यांतून माना वर केल्या. आणि त्रिपुरसुंदरीनं तमिळमध्ये उत्तर दिलं. सर, असं हल्ली कुणी लिहीत नाही, परीक्षेत चालणार नाही, मी काही करू शकत नाही. पंच्याची गाठ तिनं सोडूही दिली नाही. त्यांनी गाठीवरचा हात काढला, बरें, म्हणाले, आणि गेले. व्हरांड्यातून त्यांच्या चपला बराच वेळ ऐकू येत होत्या.

एवढंच असतं तर ती विसरली असती. सगळेच शिक्षक कुठे ना कुठे अर्धा गुण जास्त कापतात. पण शनिवारी ती वाचनालयात गेली, मोठा कोश काढला, आणि तिथं ते होतं. दोन्ही रूपं, शेजारी शेजारी, एका ताटात जेवायला बसल्यासारखी. चूक असं कुठं लिहिलेलं नव्हतं. सोमवारी हेडमिस्ट्रेसना सांगता आलं असतं. मंगळवारी सांगता आलं असतं. तंजावरला नाव बुधवारी कळवायचं होतं. तिनं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे विचारत ती पुढं कितीतरी वर्षं भात उतरवताना, वेणी घालताना, बसची वाट बघताना मधेच थांबली आहे, आणि दर वेळी उत्तराच्या जागी तिला पुणं आठवलं आहे.

पुण्याला ती त्याच्या तीन वर्षं आधी गेली होती, इंग्रजीच्या शिक्षकांच्या उन्हाळी वर्गासाठी, महिनाभर. स्टेशनवर उतरली आणि हमाल मराठीत बोलला. रिक्षावाला मराठीत बोलला. भिंतींवर, दुकानांवर, बसच्या पाठीवर मराठी. आजवर जी भाषा तिच्या लेखी चुलीजवळची होती, आई-मावश्यांची, ती इथं रस्त्यावर ऊन खात हिंडत होती. पहिले दोन दिवस तिला रडू यायचं, कारण काही नाही, नुसतं आनंदानं. तिसऱ्या दिवशी भाजीवालीनं विचारलं, मेथी द्यायची का, आणि ती म्हणाली, आज नको, उदईक येतें. ज्यांच्याकडे ती उतरली होती त्यांच्या दोन मुली बरोबर होत्या. त्या आधी एकमेकींकडं बघत राहिल्या, मग पोट धरून हसल्या. दुष्ट नव्हत्या; फार गोड पोरी होत्या. संध्याकाळी पाहुणे आले तर त्यांनी तिला मधे बसवलं. मावशी, पुन्हा म्हणा ना, ते बखरीतलं. तिनं म्हणून दाखवलं. सगळे हसले. एक गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, चुकीचं आहे असं नाही हं, पण आता उद्या म्हणतात. चौथ्या दिवसापासून ती त्या घरात इंग्रजीत बोलू लागली. इंग्रजीत तिला कुणी हसू शकत नव्हतं. इंग्रजीत प्रत्येक अक्षर तिच्या बाजूनं होतं.

तिची आई असती तर म्हणाली असती, वेडी आहेस. आई जात्यावर बसली की एक ओवी नेहमी म्हणायची:

दळण दळितें मी
कावेरीच्या गे कांठीं
माहेराची बोली
ठेविली मीं ओठीं.

आणि तीच ओवी मावशी म्हणायची तेव्हा शेवटी ओठीं नसायचं, पोटीं असायचं. ठेविली मीं पोटीं. लहानपणी त्रिपुरसुंदरीला याचा फार त्रास व्हायचा. एक कुणीतरी चुकत असणार. ओठांवर असेल तर पोटात कशी, पोटात असेल तर ओठांवर कशी? तिनं एकदा दोघींना जात्याच्या दोन बाजूंना बसवून विचारलंच, खरी कोणती? दोघी खुंट्याला हात लावून बसल्या होत्या, कपाळं पिठानं पांढरी. आई म्हणाली, ‘‘ओठीं म्हण, पोटीं म्हण, पीठ पडल्याशीं कारण.’’ मावशीनं वर आणखी पुस्ती जोडली की ही पोर मोठी होऊन मास्तरीणच होणार. झाली. आणि मास्तरीण झाल्यावर तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर पीठ बघायचं सोडून खुंटा कुणी कसा धरलाय ते बघायला लागली.

‘‘शेंगा झाल्या,’’ सुंदरराव म्हणाले. ‘‘आतां तुझें काय झालें तें सांग.’’ तिनं चौदावं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्म्यावरून, मग चष्म्यातून पाहिलं. कृष्णरावांची गोष्ट त्यांना माहीत होती. लग्नाच्या बायकोच्या मनातली एखादी खोली उघडायची नसते एवढंही माहीत होतं, म्हणून तेहेतीस वर्षांत त्यांनी ती कधी स्वतःहून काढली नव्हती. आता ते म्हणाले, लेखाच्या खाली नंबर आहे. एवढंच म्हणाले आणि शेंगांची परडी घेऊन आत गेले, आणि आत गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ उगाच मोठा सोडला, म्हणजे बाहेरचं आपल्याला ऐकू येत नाही हे तिला कळावं.

तिनं नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत असताना ती मनात वाक्य जुळवत होती, आणि वाक्य सारखं तमिळमध्ये जुळत होतं. लक्ष्मीप्रियानं फोन उचलला, नाव ऐकलं, आणि खुर्ची मागं सरकल्याचा स्पष्ट आवाज आला. सत्तेचाळीस वर्षांची वकीलबाई आपल्या ऑफिसात उठून उभी राहिली होती. गुड मॉर्निंग टीचर, ती म्हणाली, वर्गात म्हणतात त्या लांब सुरात. तब्येत विचारून झाली, डोळा विचारून झाला, सगळं तमिळमध्ये. मग त्रिपुरसुंदरी म्हणाली, ‘‘लक्ष्मीप्रिये, मी तुजशीं आपल्या बोलींत बोलूं का?’’

शाळेच्या पाच वर्षांत त्या दोघी मराठीत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पलीकडून आवाज आला, बारीक, दोन वेण्यांचा. ‘‘बोला की, टीचर.’’

‘‘तुझा एक्स बरोबर होता. तेव्हांही. मी त्याच शनिवारीं कोशांत पाहिला. मज ठाऊक होतें, आणि मी सांगितलें नाहीं.’’

सांगून झालं. इतक्या वर्षांचं, आणि चार वाक्यांत मावलं. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पलीकडे लक्ष्मीप्रिया हसायला लागली. आधी हळू, मग ते हसणं कुठंतरी ओलं झालं, मग पुन्हा हसणं. ती जे सांगत गेली ते अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये होतं, आणि मधे मधे कोर्टातलं इंग्रजी. तिनं सांगितलं की टीचर, मी एरवी सी-टीच लिहिते, तीस वर्षं. हा एक्स मी मुद्दाम घातला. सगळ्या जणी म्हणत होत्या, टीचरांना आता दिसत नाही, घाबरलेलं भस्म वगैरे. मला राग आला. म्हटलं, बघूच. दिसलं तर टीचर गोल काढतील, आणि मी त्या पानाचा फोटो सगळ्यांना पाठवीन. मला तो गोल हवा होता, टीचर. माझे ज्युनियर मला भितात, कारकून भितात, न्यायाधीशसुद्धा माझ्या कागदावर खूण करत नाहीत. आजोबा गेले, त्यानंतर माझं लिहिलेलं कुणी थांबून वाचलंच नाही.

त्रिपुरसुंदरीनं विचारलं, आजोबा त्या दिवशी काय म्हणाले? हा प्रश्न ती विचारणार आहे हे तिलाच माहीत नव्हतं.

लक्ष्मीप्रिया म्हणाली की बसमध्ये ते कोश मांडीवर घेऊन बसले. मी रडत होते. मी म्हटलं, टीचर वाईट आहेत. तर म्हणाले, ‘‘बाई चुकली नाहीं गे. बाई भ्याली. भ्यालेल्या माणसाशीं भांडूं नये.’’ आणि घरी गेल्यावर मला पाटी दिली आणि तो शब्द सी-टीनं शंभर वेळा लिहायला लावला. ही बाहेरची, म्हणाले, ती घरची. दोन्हीं येऊं देत. ज्याला एकच येते त्याला घर तरी नसतें, नाहीं तर गांव तरी नसतें.

नळ कधीच बंद झाला होता. त्रिपुरसुंदरीच्या समोर ऊन पायरी चढून उंबऱ्याशी आलं होतं आणि तिला वाटत होतं, की त्या व्हरांड्यातून चपलांचा आवाज जो लांब लांब जात होता, तो रागाचा नव्हताच. एका म्हाताऱ्या माणसानं सहा डब्यांसमोर तिच्याकडं एकदा नीट बघितलं होतं, पंच्याच्या गाठीवरून हात काढला होता, आणि तिला तिच्या भीतीसकट तिथंच, जपून, ठेवून तो निघून गेला होता. बखरीतलं म्हणून हसले ते लोक त्याला माहीत नव्हते. त्याला माहीत असायची गरज पडली नव्हती. त्यानं तिचं तमिळ उत्तर ऐकलं आणि त्याच्या आत काय दडलंय ते वाचलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं उतरवलेला माणूस. तिला राग यावा असं तिला वाटलं, कारण दया झेलणं रागाहून जड असतं. पण राग आला नाही. काहीतरी मऊ आलं, नुकत्याच पडलेल्या पिठाला हात लावल्यासारखं.

फोन ठेवताना लक्ष्मीप्रिया पुन्हा विद्यार्थिनी झाली. टीचर, तर मग दुरुस्त करून टाका, आणि त्या गोलाचा फोटो मला पाठवा. तिन्ही जागी सी-टी करा. राहिलं तर लोकांना काय माहीत, म्हणतील टीचरांच्या नजरेतून सुटलं. तुमचं नाव खाली छापून येणार आहे. माझा हट्ट नाही. बरं, म्हणाली त्रिपुरसुंदरी. ‘‘जेविलीस का?’’ तिनं विचारलं. अजून नाही. ‘‘जेव मग.’’

मग ती पान घेऊन बसून राहिली. सोपं होतं. ज्या मुलीचा अपराध केला तिनंच माफ केलं, माफ केलं म्हणजे अपराध मुळातच मोजला नव्हता, आणि वर स्वतः सांगितलं की दुरुस्त करा. पेनात शाई होती. तीन जागी एक्स कापायचा, वर सी-टी लिहायचं, की सगळं जग आपापल्या जागी बसणार: स्मरणिका एकसारखी, शेवटच्या पानावरची ओळ खरी, डोळा शाबूत. आणि नाही केलं तर? तर रविवारी समारंभात पहिल्या रांगेत बसलेल्या बायका पान चौदा उघडतील, एकमेकींना दाखवतील, आणि मग तिच्याजवळ येऊन पाया पडतील, जास्तच प्रेमानं, जास्तच वाकून. कुणी विचारणार नाही. विचारलं तर सांगता येईल. पण त्या विचारणारच नाहीत, आदरानं गप्प बसतील. एकेकीला गाठून कोश दाखवत ती हिंडणार आहे का? काखेत पंच्याचं गाठोडं घेऊन? त्या विचारानं तिला एकदम हसू आलं, मोठ्यानं, आणि सुंदररावांनी आतून डोकं बाहेर काढलं.

त्यांना तिनं सगळं सांगितलं. लोक काय म्हणतील तेही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘लोक तर म्हणतीलच. मीही म्हणतों.’’ आणि तिच्यासमोर कॉफीचा पेला ठेवून गेले. याचा अर्थ काय घ्यायचा तो तिनं घ्यायचा होता. चाळीस वर्षांत त्यांनी तिला कोणतंच उत्तर तपासून दिलं नव्हतं.

दीड वाजता विष्णुवर्धनचा फोन आला. तो प्रेसमध्येच उभा होता, मागे मशीनची घरघर आणि पवित्राचा आवाज. फार नम्रपणे बोलला. टीचर, त्रास देतो, पण तुमच्याकडून पानं यायच्या आधी आम्ही एकदा कॉम्प्युटरवर पाहिलं, तर चौदाव्या-पंधराव्या पानावर एकच चूक तीनदा राहिलीय, कनेक्शन. तुमच्या नजरेतून सुटायची एखादवेळ, होतं असं, उन्हाचे दिवस आहेत. मी पवित्राला इथंच दुरुस्त करायला सांगतो, तुम्ही काळजी करू नका.

तिनं त्याला सांगितलं की ती चूक नाही. जुनं रूप आहे, कोशात आहे, लिहिणारीच्या घरचं आहे, राहू द्या. मग तो खरोखर तिच्याच काळजीनं म्हणाला, टीचर, तुम्हाला माहीत, मला माहीत. पण वाचणाऱ्याला काय? खाली नाव तुमचं. लोक म्हणतील, टीचरांनी वाचलंच नाही.

मांडीवर पान होतं. तिसरा एक्स पंधराव्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात, एका म्हाताऱ्या माणसाबद्दलच्या वाक्यात होता. त्याची कागदाशी जन्मभराची जवळीक, असं काहीसं ते वाक्य होतं, आणि एवढा वेळ ती अक्षरच बघत बसल्यामुळे वाक्य तिनं आत्ता वाचलं. चांगलं वाक्य होतं. एक शब्दसुद्धा हलवायला नको होता.

‘‘म्हणूं देत,’’ ती म्हणाली. ‘‘मी वाचलें आहे.’’

पलीकडे विष्णुवर्धन गोंधळला. काय म्हणालात टीचर, समजलं नाही, त्यानं विचारलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती त्याच्याशी मराठीत बोलली. तिनं माफी मागितली नाही. तेच वाक्य तिनं त्याला तमिळमध्ये, सावकाश, पुन्हा एकदा सांगितलं.